टर्बो किट अख्खं घ्यायचं की पार्ट जमवून बनवायचं? पैसे पाठवण्याआधी हे वाचा

बहुतेकांचं गणित चुकतं ते पहिल्याच खरेदीला, कारण पहिली खरेदी टर्बोची (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) होते. ऑनलाइन कुठंतरी चकचकीत टर्बो दिसतो, नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर कुणाकडं जुना मिळतो, तो घरी येतो, आणि मग त्याला बसणारा मॅनिफोल्ड (इंजिनातून टर्बोपर्यंत एक्झॉस्ट आणणारा नळ) शोधा, टर्बोला बसणारा डाउनपाईप (टर्बोतून एक्झॉस्ट बाहेर नेणारा पाईप) शोधा, असं करत करत गाडी महिनोन् महिने कव्हरखाली पडून राहते. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) यांची पाळी येते तोवर पैसे संपलेले असतात. मग ठरलेलं वाक्य येतं (बूस्ट म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, ट्युनिंग म्हणजे इसीयूत पेट्रोल-स्पार्कचं गणित बसवणं), "आत्ता कमी बूस्टवर चालवू, ट्युनिंगचं नंतर बघू." पिस्टन जातात ते याच वाक्यामुळे, टर्बोमुळे नाही.

किट की पार्ट हा प्रश्न लोक किमतीचा समजतात. माझ्या मते तो जुळवणीचा आहे. टर्बोचा साईज, इंजेक्टर, पंप, वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारं दार) स्प्रिंग, इसीयूतला मॅप (पेट्रोल आणि स्पार्क किती, कधी याचा तक्ता) या सगळ्याचा एकमेकांशी मेळ कुणीतरी घालावाच लागतो. चांगल्या किटमध्ये तो कुणीतरी आधीच तुमच्याच इंजिनावर घालून दिलेला असतो आणि तुम्ही त्याचे पैसे देता. पार्ट जमवले तर तो मेळ तुम्हाला आणि तुमच्या ट्युनरला घालायचाय. तिसरा प्रकार म्हणजे बॉक्सवर "कम्प्लीट किट" लिहिलेलं पण मेळ कुणीच न घातलेला माल, आणि बाजारात तोच सगळ्यात जास्त आहे.

उदाहरणासाठी मी पूर्ण लेखात एकच इंजिन धरतो, सुझुकीचं जुनं १.३ पेट्रोल, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. एस्टीम, एमपीएफआय जिप्सी, पहिली स्विफ्ट यांच्यात आलं ते. मूळ पॉवर ८० ते ८७ हॉर्सपॉवर. तुमचं इंजिन वेगळं असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

१. आधी ठरवा गाडी कुठं चालणार

हा भाग लोक हसण्यावारी नेतात म्हणून सगळ्यात वर ठेवलाय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात इन्शुरन्सवाल्यांना टर्बो दिसला की क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं, आणि समोरच्याला इजा झाली असेल तर ती भरपाई तुमच्या खिशावर येऊ शकते. त्यामुळे हा लेख ट्रॅक, ऑटोक्रॉस, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅगसारख्या इव्हेंटसाठीच्या गाडीबद्दल आहे, जी तिथपर्यंत ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर जाते. रोज ऑफिसला न्यायच्या एकुलत्या एक गाडीवर हे करू नका.

२. आकडा कागदावर लिहा

"जितकी निघेल तितकी पॉवर" हे ध्येय नव्हे. आकडा ठरल्याशिवाय एकही पार्ट निवडता येत नाही.

आपल्या १.३ ला आतले पार्ट स्टॉक ठेवून ७ पीएसआय (दाबाचं माप) बूस्ट धरू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब १३.७ पीएसआयच्या आसपास असतो. म्हणजे प्रेशर रेशो (टर्बोनंतरचा दाब भागिले बाहेरचा दाब) झाला २०.७ भागिले १३.७, साधारण १.५. मुंबईत हाच किंचित कमी येतो. पुण्यातल्या उन्हाळ्यात ६५०० आरपीएमला हे इंजिन टर्बोसकट मिनिटाला साधारण १२ पौंड हवा ओढेल, थंडीत आणि कोकणपट्टीत १४ पर्यंत जाईल. एका पौंडाला ढोबळमानानं १० हॉर्सपॉवर, म्हणजे १२० च्या आसपास. इंधनाच्या हिशोबासाठी १२५ धरा.

आता उष्णतेचं बघा, कारण आपल्याकडं खरा खेळ तिथंच आहे. बाहेर ४० डिग्री आहे, टर्बोची एफिशियन्सी ७० टक्के आहे, तर १.५ रेशोला टर्बोतून निघणारी हवा साधारण ९४ डिग्रीला असते. ७० टक्के काम करणारा इंटरकूलर (ही हवा थंड करणारा रेडिएटर) लावला की ती ५६ पर्यंत उतरते. इंटरकूलर नसेल तर ९४ डिग्रीची हवा थेट सिलिंडरमध्ये, नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकणं) आमंत्रण. म्हणून "७ पीएसआयला इंटरकूलर कशाला" म्हणणाऱ्याचं नागपुरात तर अजिबात ऐकू नका.

तपासणी: कागदावर चार गोष्टी आल्या का? किती बूस्ट, किती पॉवर, रेडलाईन (कमाल आरपीएम) किती, पेट्रोल कुठलं. नसतील तर पुढं जाऊ नका.

३. इंजिनाची तब्येत

टर्बो दुखणं बरं करत नाही, वाढवतो. गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब बनवतो ती) करा. चार सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. शक्य असेल तर लीक-डाउन टेस्टही (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते ती) करून घ्या, १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० च्या वर गेलं तर आधी इंजिन खोला, टर्बोचा विचार नंतर. कूलंटमध्ये तेलाचा तवंग, रेडिएटरच्या झाकणाशी बुडबुडे, ऑइल प्रेशर कमी, यातलं काहीही असेल तरी तेच.

क्लच पण बघा. या इंजिनाचा मूळ टॉर्क ११० न्यूटन मीटरच्या आसपास, टर्बोवर तो दीडपट सहज होतो आणि अर्धा झिजलेला क्लच पहिल्याच दिवशी घसरतो. ब्रेक आणि टायरचा खर्च पण याच यादीत धरा, नंतरच्या नाही.

४. पूर्ण यादी करा, मगच किटकडं बघा

ही यादी दोन कामांना येते. किट घेत असाल तर त्यात काय नाही ते हिच्यावरून कळतं, पार्ट जमवत असाल तर हीच तुमची खरेदीची यादी.

गरम बाजू: टर्बो, मॅनिफोल्ड, वेस्टगेट, डाउनपाईप, गास्केट, उष्णता सोसणारे स्टड आणि लॉकनट, हीट शील्ड.

थंड बाजू: इंटरकूलर, पाईप, सिलिकॉन जोड, टी-बोल्ट क्लॅम्प, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर अडकलेली हवा सोडणारा), एअर फिल्टर.

तेल-पाणी: तेलाची फीड लाईन, परतीचा ड्रेन पाईप, चेंबरला (इंजिनाखालची तेलाची टाकी) वेल्ड करायचा ड्रेनचा जोड, टर्बो वॉटर कूल्ड असेल तर पाण्याच्या दोन लाईनी, बँजो बोल्ट आणि तांब्याचे वॉशर.

इंधन: इंजेक्टर, पंप, रेग्युलेटर (पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा), इथेनॉल सोसणारे होज.

डोकं: इसीयू किंवा पिगीबॅक (मूळ इसीयूला जोडायचा छोटा कॉम्प्युटर), २.५ किंवा ३ बारचा मॅप सेन्सर (इंटेकमधला दाब मोजणारा, इसीयूतल्या मॅपशी गल्लत नको), हवेच्या तापमानाचा सेन्सर, वाइडबँड (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा सेन्सर), बूस्ट गेज, ऑइल प्रेशर गेज, थंड (उष्णता लवकर सोडणारे) प्लग.

आणि ज्या ओळी हमखास विसरतात त्या: पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इंटेकला नेणारी लाईन) वन-वे व्हॉल्व्ह, कॅच कॅन (त्या वाफेतलं तेल धरणारा डबा), फॅब्रिकेशनची मजुरी, डायनोचा (पॉवर मोजायचं मशीन) वेळ, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी, नवीन क्लच. प्रत्येक ओळीपुढं रक्कम लिहा, खाली बेरीज करा, वर २५ टक्के राखीव ठेवा. टर्बोची किंमत बेरजेच्या निम्मी भरत असेल तर समजा यादीतलं काहीतरी राहिलंय.

५. किट घ्यायचं असेल तर

इमानदार किट एका ठरावीक गाडीसाठी, ठरावीक इंजिनासाठी असतं. परदेशात माझदा एमएक्स-५ सारख्या गाड्यांना अशी किट मिळतात, ज्यात नटबोल्टपासून इसीयूच्या बेस मॅपपर्यंत सगळं येतं आणि कुठला बोल्ट किती टाईट करायचा तेसुद्धा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आपल्या जुन्या १.३ साठी असं तयार किट सहसा मिळत नाही, जे मिळतं ते "युनिव्हर्सल". युनिव्हर्सल म्हणजे पाईप, क्लॅम्प आणि एक भलामोठा टर्बो, जो २ लिटर इंजिनालासुद्धा उशिरा जागा होईल.

पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याला लेखी विचारा:

हे किट याच इंजिन कोडवर बसवून चालवलंय का, आणि त्या गाडीचा डायनो ग्राफ आहे का?

टर्बो कुठल्या कंपनीचा, पूर्ण मॉडेल नंबर काय, कॉम्प्रेसर मॅप (किती हवेला, किती दाबाला टर्बो नीट चालतो त्याचा आलेख) मिळेल का?

इंजेक्टर किती सीसीचे आणि किती प्रेशरला मोजलेले?

मॅप कुठल्या पेट्रोलवर केलाय? परदेशातला मॅप तिथल्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर असेल तर तो इथं जसाच्या तसा चालवायचा नाही.

वेस्टगेटची स्प्रिंग किती पीएसआयची?

राईट हँड ड्राइव्हला बसतं का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मग डाउनपाईप स्टिअरिंगच्या शाफ्टवर येऊन बसतो.

गोल गोल उत्तरं आली तर ते किट नाही, पार्टचा ढीग आहे, आणि ढिगाचा भाव द्या, किटचा नको.

बॉक्स आला की गाडीला हात लावण्याआधी सगळं जमिनीवर चादर टाकून मांडा आणि यादीशी ताडा. मॅनिफोल्डची गास्केट फ्लँजवर (बोल्ट लागतात तो चपटा भाग) ठेवून बघा, भोकं जुळतात का. स्टीलची पट्टी फ्लँजवर आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. दिसला तर लेथवाल्याकडून फेस मारून (सपाट करून) घ्या, पट्टी न लागणारा फ्लँज कितीही टाईट केला तरी फुरफुरणारच. डाउनपाईपचा फ्लँज टर्बोच्या मागच्या तोंडावर ठेवा, चार बोल्ट आहेत की पाच ते मोजा. फोटो काढा. परत पाठवायची मुदत सहसा बसवण्याआधीपुरतीच असते, ग्रीस लागलेला पार्ट कुणी परत घेत नाही.

६. पार्ट जमवायचे असतील तर

इथं स्वातंत्र्य आहे, स्वस्तही पडू शकतं, पण फक्त दोन अटींवर. एक, चांगला फॅब्रिकेटर हाताशी हवा. पुण्यात भोसरी-चाकणच्या पट्ट्यात टिग वेल्डिंगचे उत्तम कारागीर आहेत, पण त्यांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आधी बनवलाय का ते विचारा, कारण टाकीचं वेल्डिंग आणि ९०० डिग्रीला लाल होणाऱ्या पाईपचं वेल्डिंग यात फार फरक आहे. दोन, ट्युनर आधी ठरलेला हवा, आणि तुमचा इसीयू त्याला येतो तोच घ्यायचा, तुम्हाला व्हिडिओत आवडलेला नाही. पार्ट घ्यायच्या आधी त्याला यादी दाखवा, तो दोन ओळी खोडेल आणि तुमचे पैसे वाचवेल.

टर्बो निवडताना: मिनिटाला १२ ते १४ पौंड हवा म्हणजे लहान टर्बो. गॅरेटचा जीटी१५ गटातला, मित्सुबिशीचा टीडी०२५ किंवा टीडी०३ या मापाचा. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या २ लिटर इंजिनावर टीडी०४ येत होता, त्यावरून अंदाज घ्या की १.३ ला टीडी०४ जडच जाणार. लोक "पुढं वाढवायला वाव" म्हणून मोठा घेतात आणि ४५०० आरपीएमपर्यंत मूळ गाडीपेक्षा मंद गाडी चालवतात.

सावधान: डिझेल स्विफ्टचा टर्बो पेट्रोलवर लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण भंगारात तो भरपूर मिळतो. डिझेलच्या एक्झॉस्टपेक्षा पेट्रोलचा एक्झॉस्ट कितीतरी गरम, जोरात चालवल्यावर ९०० डिग्रीच्या वर सहज जातो. डिझेल टर्बोचं टर्बाइन हाऊसिंग (एक्झॉस्टच्या बाजूचं कवच) त्या उष्णतेसाठी बनवलेलं नसतं, आणि व्हेरिएबल जॉमेट्रीवाला असेल तर आतली हलती पातीच अडकतात. पेट्रोलवर व्हेरिएबल जॉमेट्री आणायला पोर्शाला २००६ च्या ९११ टर्बोत खास धातू वापरावे लागले, यावरून ओळखा.

जुना टर्बो घेताना: कॉम्प्रेसरच्या (हवा ओढणाऱ्या) बाजूनं शाफ्टचं टोक चिमटीत धरा आणि आत-बाहेर ओढा. या दिशेनं हाताला काहीही हलल्यासारखं लागलं तर सोडून द्या. वर-खाली मात्र साध्या बेअरिंगच्या टर्बोत थोडी हालचाल असतेच, आत तेल नसताना जास्त वाटते, पण हलवताना पातं हाऊसिंगला टेकता कामा नये. मग टॉर्च लावून पात्यांच्या कडा बघा, वळलेली किंवा खाल्लेली कड म्हणजे आत काहीतरी गेलंय. टर्बाइनच्या हाऊसिंगमध्ये वेस्टगेटच्या भोकाशी बारीक चीर असते, ती वेस्टगेटच्या सीटपर्यंत आली असेल तर नको. शेवटी बोटानं हलकेच फिरवा, कुठं खरखर लागली तर कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा.

मॅनिफोल्ड: दिसायला सुंदर पातळ स्टेनलेसचे नळ नकोत. जाड भिंतीचा शेड्युल ४० पाईप, हेडचा फ्लँज १० ते १२ मिलीमीटर जाड, आणि टर्बोचं वजन पेलायला इंजिन ब्लॉकला जाणारा ब्रॅकेट. ब्रॅकेट नसेल तर चीर जाणार, प्रश्न फक्त कधी. एक्स्टर्नल (टर्बोच्या बाहेरचा) वेस्टगेट असेल तर त्याचा पाईप चारही सिलिंडरचा एक्झॉस्ट एकत्र येतो तिथून, प्रवाहाच्या दिशेनं निघाला पाहिजे. काटकोनात उलट्या बाजूनं काढला की वेस्टगेट उघडा असूनही वरच्या आरपीएमला बूस्ट चढतच राहतो.

इंटरकूलरचे पाईप: या इंजिनाला ५० मिलीमीटर पुरे. पाईपच्या टोकांना बीड मारून घ्या, म्हणजे कडेला उंचवटा. गुळगुळीत पाईपवरून होज बूस्टला उडतो.

मधला रस्ताही आहे आणि १.३ वाल्यांना मी तोच सांगतो: नवा टर्बो कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, मॅनिफोल्ड-डाउनपाईप एकाच फॅब्रिकेटरकडून एकाच वेळी गाडीवर जुळवून, इसीयू-इंजेक्टर ट्युनरच्या सांगण्यावरून, आणि होज, क्लॅम्प, गास्केट पुण्याच्या नाना पेठेतून. जबाबदारीचे तीनच तुकडे होतात आणि काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा ते स्पष्ट असतं.

७. टर्बो लावण्याआधी इंधन आणि इसीयू

अख्ख्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा, आणि सगळे हाच उलटा करतात. नवा इसीयू, नवा मॅप सेन्सर, नवे इंजेक्टर, पंप आणि वाइडबँड आधी बसवा आणि गाडी टर्बोशिवाय चालवा. स्टार्ट नीट होते का, आयडल स्थिर आहे का, एसी लावल्यावर बंद पडते का, सगळं इथं सोडवा. टर्बो आणि इसीयू एकाच दिवशी लावला आणि गाडी खोकली, तर दोष वायरिंगचा की हवेच्या लीकचा की इंजेक्टरचा हे शोधता शोधता वेड लागतं.

इंजेक्टरचा हिशोब: एका हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल धरा. १२५ ला ७८७ सीसी, भागिले चार इंजेक्टर, १९७. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून १९७ भागिले ०.८, म्हणजे २४६. आता पंपावर ई२० मिळतं, त्याला ८-९ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे झाले २७० च्या आसपास. ३०० सीसीचे घ्या आणि थांबा. ५५० चे घेतले की आयडलला ते इतके कमी वेळ उघडतात की मात्रा नीट सांभाळता येत नाही, गाडी उभ्या उभ्या हुंदके देते.

पंप: याच हिशोबानं तासाला ५०-५५ लिटर लागतात, पण ३ बार अधिक बूस्टचा अर्धा बार अशा साडेतीन बार प्रेशरला. जुना पंप गेज लावून त्या प्रेशरला मोजून घ्या, ८० लिटर देत असेल तर तोच चालेल. सगळे लावतात म्हणून तासाला २५५ लिटरवाला पंप लावायची गरज नाही, जुन्या रेग्युलेटरला आणि परतीच्या बारीक लाईनला तो झेपला नाही तर प्रेशर वाढतं आणि गाडी आयडललाच रिच होते, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं. रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा होज जातो का तेही बघा. रिटर्नलेस सिस्टीममध्ये प्रेशर स्थिर असतं, म्हणजे बूस्ट आला की इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक कमी होतो आणि नेमकं हवं तेव्हाच पेट्रोल कमी पडतं. हे ट्युनरला आधी सांगा.

मूळ मॅप सेन्सर साधारण वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. बूस्ट आला तरी तो "१ बार" एवढंच सांगत राहणार आणि इसीयू तेवढंच पेट्रोल देणार. मूळ सेन्सरवर टर्बो चालवणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं.

तपासणी: टर्बोशिवाय, गरम आणि थंड दोन्ही स्थितीत, एसीसकट, ट्रॅफिकसारखं थांबत-थांबत आणि पूर्ण पिकअप देऊन गाडी नीट चालली का? वाइडबँडचे आकडे लॉगमध्ये सुरळीत दिसतात का? मगच पाना हातात घ्या.

८. बसवणी

तेलाकडं सगळ्यात जास्त लक्ष. फीड लाईन बारीक आणि स्वच्छ. बॉल बेअरिंग टर्बोला साधारण १ मिलीमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर (तेल मर्यादित करणारा जोड) लागतो, साध्या बेअरिंगला सहसा नाही, तरी टर्बोच्या कागदात काय लिहिलंय ते पाळा. फीडच्या जोडाला सिलिकॉन सीलंट किंवा टेफ्लॉन टेप अजिबात नको, त्याचा तुकडा सुटला की तेलाचं भोक बंद.

ड्रेन मात्र जाड हवा, आतून निदान १६ मिलीमीटर, आणि टर्बोपासून चेंबरपर्यंत सतत उतरता. तेल फेसाळून फक्त गुरुत्वाकर्षणानं खाली येतं, त्याला मागून दाब नसतो. टर्बोचा ड्रेन उभ्या रेषेपासून ३५ डिग्रीच्या आत ठेवा, आणि चेंबरमध्ये तो तेलाच्या पातळीच्या वर उघडू द्या. भोसरीच्या एका शेडमध्ये एक एस्टीम बघितली, निळा धूर ओकायची, मालकानं टर्बो खराब समजून नवा आणला, तो पण धूर ओकायला लागला. खाली वाकून बघितलं तर ड्रेनचा होज एसी कॉम्प्रेसरला चुकवायला खाली जाऊन परत वर चढत होता, त्या वाकात तेल साचून टर्बोच्या सीलमधून बाहेर पडत होतं. होज सरळ केला, धूर गेला. पहिला टर्बो चांगलाच होता.

पीसीव्हीच्या होजमध्ये वन-वे व्हॉल्व्ह लावा, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल सील गळायला लागतात. वेस्टगेटचा होज टर्बोच्या कॉम्प्रेसर तोंडाशी जोडा, इंटेक मॅनिफोल्डशी नको. बूस्ट कंट्रोलर (स्प्रिंगपेक्षा जास्त बूस्ट चढवणारं उपकरण) आत्ता लावूच नका, नुसत्या स्प्रिंगवर चालू द्या. एमएएफ सेन्सरवाली (आत येणारी हवा थेट मोजणारी) गाडी असेल तर ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची हवा परत इंटेकमध्ये सोडा, मॅप सेन्सरवाल्याला बाहेर सोडली तरी चालते. प्लग एक नंबर थंड घ्या, एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे ६ च्या जागी ७, आणि गॅप ०.७ मिलीमीटरच्या आसपास.

९. लीक टेस्ट आणि पहिलं स्टार्ट

एअर फिल्टर काढून टर्बोच्या तोंडावर पीव्हीसीची टोपी लावा, तिला टायरचा व्हॉल्व्ह बसवा, ७-८ पीएसआय हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसले तिथं क्लॅम्प बघा. या टेस्टला अर्धा तास पुरतो आणि ट्युनिंगचा अख्खा दिवस वाचतो.

नवं सिंथेटिक तेल, नवा फिल्टर. टर्बोच्या फीडच्या भोकात थोडं तेल ओता, शाफ्ट बोटानं फिरवा. इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून ऑइल प्रेशर गेज हलेपर्यंत इंजिन थोडं थोडं क्रँक करा, सलग नको, स्टार्टर जळेल. मग कनेक्टर लावून स्टार्ट करा आणि आयडलवर सोडा.

सावधान: पहिल्या स्टार्टला मित्र जमतात, व्हिडिओ काढतात, "एक रेव्ह दे" म्हणतात. द्यायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं आयडल, टॉर्च घेऊन तेल, पाणी, पेट्रोल कुठं गळतं का बघा, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. नव्या हीट रॅपचा धूर थोडा वेळ येतो, तो ओळखता आला पाहिजे.

१०. ट्युनिंग

डायनोपर्यंत गाडी फ्लॅटबेडवर न्या. बेस मॅप गाडी चालू व्हायला असतो, बूस्टमध्ये पळवायला नाही.

ट्युनरला सांगून पहिल्यांदा हे सेट करून घ्या: बूस्ट ९-१० पीएसआयच्या वर गेला की फ्युएल कट. वेस्टगेटचा होज निसटला तर इंजिन वाचवणारी ही एकच गोष्ट. बूस्टमध्ये लॅम्ब्डा (१ म्हणजे अचूक मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.७८ ते ०.८२ च्या पट्ट्यात, आणि स्पार्कचं टायमिंग सुरुवातीला दर पीएसआयला साधारण १ डिग्री मागं, तिथून नॉक ऐकत हळूहळू पुढं.

बोलताना एएफआर (हवा भागिले पेट्रोल) नको, लॅम्ब्डातच बोला. शुद्ध पेट्रोलचं अचूक मिश्रण १४.७ ला असतं, ई२० चं साधारण १३.५ ला, पण गेज आतून लॅम्ब्डा मोजतो आणि त्याला १४.७ नं गुणून दाखवतो. एकजण खऱ्या एएफआरमध्ये आणि दुसरा गेजच्या आकड्यात बोलायला लागला की गाडी लीन होऊ शकते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल पण ठरवून टाका: ज्या पेट्रोलवर ट्यून झाली तेच कायम, टाकीत जास्त ऑक्टेनचं होतं तर नंतर साधं भरायचं नाही.

डायनोवर पॉवरचा आकडा विचारण्याआधी इंटेकचं तापमान तिसऱ्या-चौथ्या रनला किती चढलं ते विचारा. दर रनला चढतच असेल तर इंटरकूलरपर्यंत वारा पोचत नाहीये.

११. पहिले ५०० किलोमीटर

पहिल्या एक-दोन गरम-थंड फेऱ्यांनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, मॅनिफोल्डचे आणि डाउनपाईपचे नट परत टाईट करा. सगळे होज क्लॅम्प बघा. प्लग काढा: पोर्सेलीनवर बारीक काळे ठिपके किंवा चमकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर नॉकिंग झालंय, गाडी लगेच थांबवा आणि ट्युनरला लॉग पाठवा. ड्रेनचा होज गरम मॅनिफोल्डला टेकत नाही ना बघा. जोरात चालवल्यावर लगेच चावी फिरवू नका, शेवटचा एखादा किलोमीटर शांत चालवा म्हणजे टर्बोतलं तेल जळत नाही. ५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून उघडा आणि त्याच्या घड्यांमध्ये बघा. चमकदार कचरा दिसला तर बूस्ट बंद ठेवून आधी तो कुठून आला ते शोधा. कंट्रोलर लावून बूस्ट वाढवायचं बोलणं ट्युनरशी काढायचं ते फिल्टर स्वच्छ निघाल्यावरच.